थेल्मा बेक्सनची वाळू

थेल्मा बेक्सनला कोणी 'नशीबवान' म्हटलं की तिचा पारा चढायचा.

"नशीब लॉटरी लागणाऱ्यांचं असतं," ती म्हणायची. "मी बघते आणि बघून सांगते. त्याला नशीब नाही म्हणत, बदकू."

आमच्या हॅगथॉर्प ह्या कोळशाच्या खाणीच्या गावात लाडाने सगळेच सगळ्यांना बदकू म्हणतात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलताना माझ्याच तोंडून ते निघतं आणि ती रागावते.

थेल्मा आमच्या शेजारच्याच घरात राहायची, अजूनही राहते. बुटकी, रुंद, चालताना एका बाजूला किंचित झुकणारी. नम्रपणा हा गुण आहे असं तिला जन्मात कधी वाटलं नाही. आपल्याला काय येतं हे तिला ठाऊक होतं, आणि इतरांनाही ते ठाऊक असावं अशी तिची अपेक्षा असायची. तिला येत होतं ते एवढंच: साउथवेलच्या वाळूवर कोणता घोडा पळेल आणि कोणता नुसता धापा टाकेल, हे सांगणं.

खाण चालू होती तेव्हा ती खाणीच्या कँटीनमध्ये होती. खाण बंद झाली आणि ती व तिचा नवरा सिरिल एकाच आठवड्यात घरी बसले. सिरिलने गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांवर लीक, म्हणजे इकडची जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी, लावायला घेतले. थेल्मा साउथवेलच्या रेसकोर्सवर जॉकींच्या खानावळीत लागली. हिवाळ्यात गवत गोठलं तरी शर्यती व्हाव्यात म्हणून तिथे नुकतीच वाळू अंथरली होती. खोल, जड, ओढ लावणारी वाळू. गवतावरचे जाणकार त्या वाळूकडे बघून नाक मुरडत. वाळूवर कसला आलाय अंदाज, तिथे कोणीही जिंकतं, असं म्हणत.

"आधी कोळशाने माखलेली तोंडं जेवायला यायची, आता वाळूने माखलेली," थेल्मा सांगायची. "मला काय, दोन्हींना चहाच लागतो."

पण तिने तोंडं बघितली. शर्यत संपली की जॉकी आत येत. एकेकाच्या दातांत वाळू, भुवयांत वाळू, एकावर एक चढवलेले चष्मे सगळे मातीने बुजलेले. आणि एखादाच असा यायचा की जणू आत्ताच आंघोळ करून निघालाय. जिंकलेला बहुधा तोच असायचा. थेल्माने त्यातून पहिला धडा घेतला: ह्या वाळूवर जो पुढे निघतो तो पुढेच राहतो. मागच्यांच्या तोंडावर वाळूचे सपकारे बसतात, आणि घोडा झाला तरी त्यालाही तोंड आहे. मग ती सुट्टीच्या वेळात घोडे फिरवतात त्या रिंगणापाशी उभी राहू लागली. बारीक पायांचे देखणे घोडे वाळूत रुततात. गुडघा उंच उचलणारे, थाळीएवढ्या खुरांचे, नांगराला जुंपावेत असे घोडे वाळू तुडवत जातात. आतल्या कठड्यालगत वाळू जास्त खोल, म्हणून हुशार जॉकी शेवटच्या सरळ पट्ट्यात घोडा मधोमध आणतो. आणि इथे एकदा जिंकलेला घोडा इतर ठिकाणी कितीही आपटला तरी इथे परत आला की पुन्हा जिंकतो.

गावातल्या 'फाइव्ह बेल्स' पबमध्ये तिने हे सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. पहिला हिवाळा लोक हसले. दुसऱ्या हिवाळ्यात तिने नाव घेतलं की पबमधली निम्मी माणसं उठून बुकीकडे जायला लागली. पुढे 'मेसेंजर' साप्ताहिकाने तिला दर आठवड्याला एक रकाना दिला, तिच्या फोटोसकट. सिरिल उभ्या आयुष्यात एकदाही पैज लावायला गेला नाही, पण तो रकाना वाफ्यांवर नेऊन शेजारच्या म्हाताऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. असं तीसेक वर्षं चाललं. केस कापायला गेलं तरी न्हाविणीच्या तोंडी "थेल्मा काय म्हणते ह्या आठवड्यात?" हेच.

पबमधल्या मंडळींनी मिळून एक घोडा घ्यायचा ठरवलं तेव्हा निवड अर्थात तिच्याकडे आली. तिने असा घोडा निवडला की बघणाऱ्याने डोक्याला हात लावावा. तांबूस, आडदांड, डोकं बादलीएवढं. नाव ठेवलं 'स्नॅप टिन'. इकडचे खाणकामगार जेवणाचा पत्र्याचा डबा घेऊन खाली उतरत, त्याला म्हणतात तसं. मी घरी त्याला डबाच म्हणायची. आमच्या डब्याने जुन्या वाळूवर मैलाच्या शर्यती एकामागून एक मारल्या. सुटायचा तो पुढेच, आणि मागे वळून बघायचा नाही.

आणि मग बातमी आली की साउथवेलची वाळू काढणार.

नवीन थर येणार होता, मेणात घोळवलेल्या वाळूचा, तंतू घातलेला. घट्ट, एकसारखा, घोड्यांच्या पायांना मऊ. सगळीकडे त्याचं कौतुक चाललं होतं. थेल्माही पबमध्ये म्हणाली, "वाळू ती वाळू. त्यात काय एवढं?"

पण पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्या हिवाळ्यात आम्ही पाहिलं. तिने निवडलेले थाळीखुरे घोडे पुढे निघायचे आणि शेवटच्या पट्ट्यात मागचे त्यांना गिळून टाकायचे. आठवड्यामागून आठवडे तिच्या रकान्यातलं एक नाव लागेना. खुद्द आमचा डबा तीनदा पळाला आणि तीनदा मधल्या गर्दीत हरवला.

डेस्मंड रॅगला चेव आला. डेस्मंड पूर्वी खाणीत होता. आता तो हातात स्टॉपवॉच घेऊन शर्यती बघायचा, आणि आकड्यांवर त्याचा एवढा विश्वास की पावसाळी ढगाचीही वेळ मोजील. थेल्माशी त्याची वर्षानुवर्षांची खुन्नस होती. डब्याच्या मालकांचा म्होरक्याही तोच.

"काय बाईसाहेब," तो पबच्या ह्या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "डोळ्यांचा नंबर वाढला काय? की डबाच गुल?"

"माझ्या डोळ्यांचं बघ तू नंतर," थेल्मा म्हणाली, "आधी तुझ्या घड्याळाला चावी दे." पण आवाजात नेहमीची धार नव्हती. मी तिच्या बाजूला बसले होते, मला कळलं.

'मेसेंजर'ची संपादक फिलिपा गॉडर्ड वयाने लहान, पण थेल्माचा मान ठेवणारी. ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते. केक खाऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मिसेस बेक्सन, तुम्ही इतकी वर्षं लिहिलंत. आम्हाला वाटतं, पूर्ण पान देऊ. जुने फोटो घालू. एक छानसा निरोपाचा लेख..."

"निरोपाचा लेख मेलेल्या माणसाचा छापतात," थेल्मा म्हणाली. "मी इथे तुझ्यासमोर चहा पितेय."

सिरिल ओट्यापाशी उभा होता. तो म्हणाला, "थेल्मा, अगं सत्तरी उलटली आपली. कोणी नावं ठेवणार नाही."

"मी ठेवीन ना!" ती म्हणाली. मग तिने कप बशीत ठेवला. शेवटी फिलिपाला म्हणाली, "माझा रकाना चालू ठेव. ह्या आठवड्यात मी काय देते ते जसंच्या तसं छाप. एक शब्द बदलायचा नाही."

त्या गुरुवारी तिच्या फोटोखाली एवढंच छापून आलं: 'साउथवेलच्या नव्या ट्रॅकचं मला काही कळत नाही. कळेपर्यंत मी घोड्याचं नाव सांगणार नाही. ज्यांना दम धरवत नसेल त्यांनी इतरांचं ऐकून आपटावं. थेल्मा बेक्सन.'

लोक हसले, पण बऱ्याच जणांनी तो रकाना दोनदा वाचला.

मग ती पुन्हा शिकायला बसली. खानावळीची नोकरी केव्हाच सुटली होती, पण तिथल्या पोरींनी तिला आत येऊ दिलं. पहिल्याच दिवशी ती बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "सगळ्यांचीच तोंडं स्वच्छ आहेत गं," ती मला म्हणाली. "पहिल्याचं स्वच्छ, शेवटच्याचंही स्वच्छ. वाळू उडतच नाही."

"मग?"

"मग मागे राहण्यात तोटा काय राहिला? कशाला कोणी पुढे पळून दमेल?"

माझी औषधाच्या दुकानातली सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायची. ती घडीची खुर्ची घेऊन शेवटच्या वळणापाशी बसायची, वाऱ्यात, गुडघ्यांवर गोधडी टाकून. पूर्वी ती पुढच्या घोड्यावरून नजर हलवायची नाही. आता पुढच्यांकडे ती बघतच नव्हती.

"ती राखाडी घोडी बघ," एकदा तिने माझा दंड धरला. "कठड्याला चिकटलेली."

शर्यत संपली. राखाडी घोडी सातवी आली. तिचं नाव सिल्व्हर बॉबिन.

"सातवी," मी म्हटलं.

"सातवी आली, पण कशी आली ते बघितलंस का? तीनदा वाट मागितली तिने. तीनदा समोरच्याने दार लावलं. जॉकी लगाम खेचून उभाच राहिला होता. शेवटी जराशी फट मिळाली, तर काय सुटली! पेपरात उद्या नुसतं 'सातवी' छापतील. तिचे पाय बघ, जमिनीला खरवडत जातात, उचलतच नाही गुडघा. जुन्या वाळूत मी तिला दारात उभी केली नसती."

ते शेवटचं वाक्य तिने जरा हळू म्हटलं. तीस वर्षं ज्या घोड्यांना तिने नावं ठेवली होती, तेच आता जिंकत होते, आणि ते तिला रोज डोळ्यांनी बघावं लागत होतं. घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "नवीन शिकायला त्रास नाही होत, बदकू. जुनं विसरायला होतो. डब्यासारखा घोडा दिसला की माझं काळीज अजून आधी तिकडेच धावतं."

वसंत आला. वाफ्यांवर सिरिलच्या नव्या रोपांनी माना वर काढल्या, आणि थेल्माने फिलिपाला फोन करून सांगितलं की ह्या आठवड्यात नाव आहे.

मैलाची शर्यत होती. तीत आमचा स्नॅप टिन होता, आणि सिल्व्हर बॉबिनही. अख्ख्या गावाने डब्यावर पैसे लावायचं ठरवलं होतं, घरचा म्हणून. 'मेसेंजर' आला. थेल्माने लिहिलं होतं: सिल्व्हर बॉबिन. आणि खाली एक ओळ: 'स्नॅप टिन पहिल्या चारांत येणार नाही.'

त्या संध्याकाळी 'फाइव्ह बेल्स'मध्ये पाऊल ठेवलं तर सगळे थेल्माकडे पाठ करून उभे. डेस्मंडचं तोंड लालबुंद झालं होतं.

"आपल्याच घोड्याच्या विरोधात? तेही छापून? तू निवडलास ना गं त्याला!"

"निवडला, म्हणूनच सांगते."

"घरचा घोडा आहे आपला, थेल्मा!"

"घोडा घरचा आहे, डेस्मंड. शर्यत घरची नाही."

कोणीतरी मागून 'फितूर' म्हणालं. थेल्माने आपला ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत, अगदी सावकाश संपवला आणि मगच उठली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सिरिल कोट घालून दारात उभा. इतक्या वर्षांत तो रेसकोर्सवर एकदाही आला नव्हता.

"तू कुठे?" थेल्माने विचारलं.

"तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "लोकांनी पाठ फिरवली तर एक तरी तोंड दिसायला हवं तुला."

तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

डबा सवयीप्रमाणे पुढे सुटला. वळणापर्यंत गावकऱ्यांचा आरडाओरडा टिपेला पोहोचला होता. सरळ पट्टा लागला आणि मागचे घोडे एकदम चपळ झाले, जणू ते आतापर्यंत फिरायलाच निघाले होते. डब्याला एकाने मागे टाकलं, मग दोघांनी. सिल्व्हर बॉबिन दोन घोड्यांच्या मधून सुरीसारखी निघाली आणि आरामात जिंकली. आमचा घोडा सहावा.

सगळे खिन्न होऊन कठड्यावर वाकले होते. कोणी थेल्माकडे बघेना. मला वाटलं ती आता एखादा टोमणा मारणार. पण तिचं लक्षच नव्हतं. शर्यत संपून गेली तरी ती लांब, पलीकडच्या वळणाकडे बघत होती. तिथे डबा अजून पळत होता. जॉकी त्याला थांबवायला मागे रेलून लगाम ओढत होता, आणि तो थांबायला तयार नव्हता. बाकीचे घोडे केव्हाच दुडक्या चालीवर आले होते.

"सिरिल," ती म्हणाली, "तो दमलेलाच नाही रे."

ती तडक ट्रेनर आयव्हर कॅटरलकडे गेली. आम्ही तिच्या मागे.

"आयव्हर, त्याला दोन मैलांच्या शर्यतीत घाल."

कॅटरल भला माणूस, पण त्या क्षणी त्याची करमणूक झाली. "थेल्मा, त्याच्या बापाचं एकही पोर मैलापलीकडे जिंकलेलं नाही. मैलाचा घोडा आहे तो."

"जुन्या वाळूतला मैल म्हणजे मैल होता का? नांगरलेल्या शेतातून पळत होता तो! तिथे तो वेगाने नाही जिंकला, दमाने जिंकला. बाकीचे मरायचे आणि हा जिवंत राहायचा. इथे मैलात कोणी मरतच नाही. जिथे बाकीचे दमतील एवढं लांब ने त्याला."

"मालकांनी ठरवावं," कॅटरल म्हणाला.

मालक पबमध्ये जमले. निम्म्यांना थेल्माचं नावही ऐकायचं नव्हतं. कोणी म्हणालं, विकून टाका. वाद वाढला. डेस्मंड कोपऱ्यात बसून होता. तो उठला तेव्हा मला वाटलं, झालं, आता हा सगळ्यावर पाणी ओतणार.

"मी त्याच्या वेळा काढल्यात," तो घसा खाकरून म्हणाला. "पहिला पाव मैल, मधला, शेवटचा. सगळे जवळपास सारखे. मंदावत नाही तो. इतर वाढवतात आणि हा वाढवत नाही, एवढंच." मग थेल्माकडे न बघता म्हणाला, "ती म्हणते ते बरोबर आहे. मला हे बोलताना किती त्रास होतोय ते तुम्हाला कळणार नाही."

थेल्मा तोंडावर हात घेऊन हसली. वाळू बदलल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं. हात वर झाले. दोन मैल ठरले.

शर्यतीच्या आठवड्यात थेल्माने 'मेसेंजर'मध्ये एकच नाव दिलं: स्नॅप टिन. जिंकला तर एकाचे कितीतरी मिळतील असा बुकींचा भाव होता. बाहेरच्या कोणाला त्याच्यावर विश्वास नव्हता. फिलिपाने फोन करून विचारलं, "मिसेस बेक्सन, नक्की ना? नाही लागलं तर लोक म्हणतील, घरच्यासाठी लिहिलं."

"गेल्या वेळी म्हणाले, घरच्याविरुद्ध लिहिलं," थेल्मा म्हणाली. "लोकांना कधीतरी विश्रांती दे. छाप."

दुपार ढगाळ होती. गाव झाडून आलं होतं, सिरिलसुद्धा, थर्मास घेऊन. डबा पुढे निघाला, पण ह्या वेळी कॅटरलने जॉकीला बजावलं होतं की त्याला हाकायचं नाही, त्याच्या चालीने जाऊ द्यायचं. एक फेरी झाली. मागचे निवांत होते; हा कधीतरी दमेलच, अशा हिशेबाने. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्यांनी अंतर कमी करायला घेतलं. शेवटचं वळण आलं. एक काळा घोडा डब्याच्या खोगिरापर्यंत पोहोचला.

"गेला," डेस्मंड कण्हला.

"गप रे," थेल्मा म्हणाली. "काळ्याचा जॉकी बघ. चाबूक निघालाय. आपल्याचे हात अजून जागचे हललेले नाहीत."

डब्याने वेग वाढवला नाही. वाढवायला त्याच्याकडे तो नव्हताच. तो मंदावला मात्र नाही. काळा खोगिरापाशी आला, थोडा वेळ तिथेच राहिला, मग पुठ्ठ्यापाशी, मग शेपटीपाशी. बाकीचे तर मागेच रेंगाळत राहिले. आमचं ते बादलीतोंडी, आडदांड जनावर एकाच संथ लयीत, टापा आपटत, सगळ्यांच्या पुढे शर्यतीच्या शेवटच्या खांबापार निघून गेलं.

गाव वेडं झालं. डेस्मंडने स्टॉपवॉच हातातून टाकून दिलं आणि थेल्माला उचलायचा प्रयत्न केला, पण ती त्याला झेपली नाही. ज्यांनी पबमध्ये पाठ फिरवली होती ते तिचा हात हातात घेऊन हलवत होते. तिने कोणालाही काही ऐकवलं नाही. मान ताठ, बुटकी असूनही सगळ्यांत उंच वाटावी अशी, ती घोड्याच्या स्वागताला चालत गेली. सिरिल तिच्या मागून येत भेटेल त्याला सांगत होता, "बायको आहे माझी. ती, हिरव्या कोटातली. माझी बायको."

घोड्याच्या मानेवर हात ठेवल्यावर मात्र ती थोडी थांबली. "हा तर तसाच राहिला," ती मला म्हणाली. "बदलायचं मला होतं."

स्नॅप टिनने त्यानंतर आणखी दोन लांबच्या शर्यती जिंकल्या. आता तो कॅटरलच्या कुरणात निवृत्त आहे, आणि रविवारी गावकरी त्याला गाजरं घेऊन जातात. डेस्मंड आणि थेल्मा आता एकाच टेबलापाशी बसून भांडतात. तिचा रकाना चालू आहे. त्यात कधीकधी डेस्मंडच्या वेळा असतात, त्याच्या नावासकट, आणि त्यासाठी तो वाढदिवसाचा शर्ट घालून पबमध्ये येतो. थेल्माचा खुबा बदलला, तरी खुर्ची वळणापाशीच असते.

गेल्या हिवाळ्यात एका शर्यतीचा चषक द्यायला तिला बोलावलं. तिने हिरवा कोट घातला, केस सेट करून घेतले. जिंकलेल्या घोड्याचा मालक मोठा रुबाबदार गृहस्थ होता, लांबून आलेला. तो हसत पुढे झाला. तिने चषक त्याच्या हातात दिला आणि फोटोवाला थांबलेला असतानाच त्याला म्हणाली, "छान पळाला हं तुमचा. पण पुढच्या वेळी छोट्या शर्यतीत घालू नका. नाही जिंकायचा."

त्याने घातला, आणि घोडा आठवा आला.